आधी पाऊल कोणी टाकायचे?

सुरतेच्या उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा या भागांत अर्धा खानदेश राहतो. भुसावळहून सुरतेला येणाऱ्या तापीकाठच्या रेल्वेने जळगाव, धुळे, नंदुरबारची माणसे पिढ्यान्‌पिढ्या इथल्या लूमवर आणि डाइंग मिलमध्ये येत राहिली. त्यांच्याबरोबर नवापूर-नंदुरबारकडचे ख्रिस्ती आदिवासीही आले. नवापूरच्या स्टेशनात एक बाक आहे, त्याचा अर्धा भाग महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातमध्ये. या माणसांचे आयुष्यही तसेच दोन्हीकडे पसरलेले असते. घर तिकडे, पोट इकडे. बाप्तिस्म्याची नोंद तिकडच्या मंडळीच्या वहीत, आणि रविवार इकडच्या कारखान्यात.

या लोकांत मंडळीपासून दुरावलेली माणसे मी खूप पाहिली आहेत. त्यांच्याबद्दल चर्चमध्ये जे बोलले जाते ते मला मुळातच चुकीचे वाटते. त्याचा विश्वास थंडावला, जगाने त्याला ओढून नेले, आता त्याने पश्चात्ताप करावा आणि यावे, दार काही बंद नाही, असे बोलले जाते. यातले शेवटचे वाक्य सर्वांत जास्त नुकसान करते. ते म्हणणारा नेहमी आत बसलेला असतो. बाहेरच्याने लाज गिळून, सगळ्यांच्या नजरा झेलून, अंगण ओलांडून यायचे. आतल्याने जागचे हलायचेही नाही. ख्रिस्ती धर्माचा क्षमेबद्दलचा जो मूळ विचार आहे, त्याच्या हे बरोबर उलट आहे. गेलेल्याला परत आणायचे तर राहिलेल्यांनी आधी निघावे लागते, आणि त्याच्याकडे कसलाही हिशेब मागण्याच्या आधी निघावे लागते, असे माझे म्हणणे आहे.

माणूस दुरावतो कसा, हे आधी नीट पाहायला हवे. लूमवर बारा तासांची पाळी असते, दिवसाची आणि रात्रीची आलटून पालटून. रात्रपाळी करून सकाळी सातला सुटलेला माणूस नऊच्या उपासनेला बसू शकत नाही. बसला तर पहिल्या गीतानंतर डोळा लागतो. दोन रविवार चुकतात, मग दोन महिने. कुटुंबाविना आलेल्याच्या रूमवर चार जोडीदार असतात, त्यांच्यात दारू येते. गुजरातेत दारूबंदी आहे, त्यामुळे पिणारा चर्चच्या दृष्टीने पापी आणि सरकारच्या दृष्टीने गुन्हेगारही ठरतो. लपवायच्या गोष्टी दुप्पट होतात. कोणी कर्ज काढून ठेवलेले असते. कोणाचे गावी एक कुटुंब आणि इकडे दुसरे. कोणी घरात आजारपण आले तेव्हा बायकोच्या माहेरच्या आग्रहाने भगताकडे जाऊन आलेला असतो, आणि ही गोष्ट मंडळीत पोचल्याचे त्याच्या कानावर आलेले असते.

अशा माणसाशी बोलत बसले तर कळते की त्याचा विश्वास बहुधा शाबूत असतो. लेकराला ताप आला की तो प्रार्थना करतो. डिसेंबरात रूमच्या दाराला कागदी तारा लावतो. आईने दिलेला नवा करार पत्र्याच्या पेटीत कपड्यांखाली असतो. देव नाही असे त्याला कधी वाटलेले नसते. देवाच्या माणसांना तोंड दाखवायची सोय उरलेली नाही, एवढेच त्याला वाटत असते. म्हणून त्याच्यापुढे देवाच्या अस्तित्वाचे पुरावे मांडणे किंवा नरकाची भीती घालणे, दोन्ही निरुपयोगी. नरकाची भीती तर त्याला आपल्यापेक्षा जास्त असते.

प्रभुभोजनाच्या रविवारी अशी माणसे ओळखू येतात. ज्या मंडळ्यांत भाकर आणि द्राक्षरस बाकावरून फिरवतात, तिथे हे जवळून दिसते. सणावाराला कोणाच्या तरी आग्रहाने आलेला माणूस शेवटच्या बाकावर कडेला बसतो. इवल्या पेल्यांचा ट्रे हातोहात सरकत त्याच्यापर्यंत येतो. तो दोन्ही हातांनी ट्रे धरतो, पेल्यांकडे बघत नाही आणि पुढच्याला देतो. शेजारचा पेला उचलतो, वर बघत नाही. शेवटच्या गीताचे दुसरे कडवे सुरू व्हायच्या आत कडेची जागा रिकामी झालेली असते. पौलाच्या पत्रात अयोग्य रीतीने भाकर खाणाऱ्याला ताकीद आहे, ती त्याने लहानपणापासून ऐकलेली असते. त्याच पत्राच्या जोडीचे दुसरे पत्र त्याने ऐकलेले नसते. करिंथच्या मंडळीने एका माणसाला शिक्षा केली होती. पौल त्यांना लिहितो की झाले एवढे पुरे, आता त्याला क्षमा करा आणि धीर द्या, नाहीतर तो दुःखात बुडून जाईल. बहुसंख्यांनी केलेली शिक्षा कुठे थांबवायची हे सांगणारा हा मजकूर आपल्या व्यासपीठांवरून फार क्वचित वाचला जातो.

शेवटच्या बाकावरून निघून गेलेल्या त्या माणसाकडे नंतर कोण जाते? खरे सांगायचे तर पुष्कळदा वर्गणीवाला जातो. अनेक मंडळ्यांत मासिक वर्गणी थकली की मतदार यादीतून नाव कमी होते, आणि पुढे लग्न, बाप्तिस्मा, दफनभूमीतली जागा या सगळ्या गोष्टी त्या नावाला चिकटलेल्या असतात. वर्षभराच्या गैरहजेरीनंतर त्याच्या दारात उभा राहिलेला मंडळीचा पहिला माणूस पावतीपुस्तक घेऊन आलेला असतो. तो वाईट माणूस नसतो. चर्चचे छप्पर गळते आणि वीजबिल कोणीतरी भरावे लागते, एवढेच त्याच्या डोक्यात असते. पण दाराआडून बघणाऱ्याला जे कळायचे ते कळून जाते.

उधळ्या पुत्राचा दाखला अख्रिस्ती वाचकालाही माहीत असतो. बापाकडून आपला वाटा मागून घेऊन धाकटा मुलगा परदेशी जातो, सगळे उडवतो, डुकरे चारायची पाळी येते, मग घरी परततो. आपल्याकडे यावरची प्रवचने त्या मुलाच्या पश्चात्तापावर थांबतात. लूकच्या शुभवर्तमानात मात्र हा दाखला कोणाला सांगितला आहे हे आरंभीच दिलेले आहे: येशू पापी लोकांबरोबर जेवतो म्हणून कुरकुर करणाऱ्या परूशी आणि शास्त्री लोकांना. म्हणजे आत असलेल्यांना. आणि त्यातला बाप काय करतो? मुलगा दूर असतानाच त्याला बघतो आणि धावत जातो. मुलाने वाटेत माफीचे भाषण पाठ केलेले असते; ते पुरते व्हायच्या आत बाप झगा, अंगठी, जोडे मागवतो. वयोवृद्ध जमीनदाराने भर गावात धावणे हे त्या काळच्या रीतीत शोभणारे नव्हते. मुलाला सोसावी लागली असती ती लाज बाप स्वतःवर घेतो. घराबाहेर उभा राहून हिशेब मांडतो तो थोरला भाऊ, आणि त्याचे म्हणणे पूर्ण न्याय्य आहे. त्याने कधी आज्ञा मोडली नव्हती. दाखला संपतो तेव्हा तो आत गेला की नाही हे सांगितलेले नाही. मंडळीचे नियमित सभासद असलेल्या आम्हा सर्वांना येशूने त्या थोरल्याच्या जागी उभे केले आहे, असे मी मानतो.

ही केवळ भावनेची गोष्ट नाही. चर्चच्या इतिहासात हा वाद एकदा कडाडून झाला, आणि त्याचा निकाल आजही उपयोगी आहे. इसवी सन २५० मध्ये रोमन बादशहा डेसियसच्या हुकुमाने साम्राज्यातल्या सर्वांना देवतांना बळी अर्पून तसे प्रमाणपत्र घेणे भाग पडले. अशी चाळीसहून अधिक प्रमाणपत्रे इजिप्तच्या वाळूत सापडली आहेत. साध्या माणसांची नावे, गाव आणि साक्षीदारांच्या सह्या असलेले अर्जच ते. असंख्य ख्रिस्ती लोकांनी जिवाच्या भीतीने बळी दिला. काहींनी बळी न देता पैसे चारून नुसता कागद मिळवला. छळ ओसरला आणि ही सगळी माणसे चर्चच्या दारात येऊन उभी राहिली. यांना घ्यायचे की नाही? रोममध्ये नोव्हेशियन नावाचा धर्मगुरू म्हणाला, नाही. देव त्यांना क्षमा करील तर करो, चर्चला तो अधिकार नाही. कार्थेजचा बिशप सिप्रियन कडक शिस्तीचा होता, पण त्याला हे मान्य नव्हते. त्याची स्वतःची बाजूही नाजूक होती, कारण छळाच्या दिवसांत तो लपून राहिला होता आणि त्यावरून त्याला बोल लागले होते. २५१ मध्ये आफ्रिकेतले बिशप कार्थेजला जमले. पडलेल्यांना प्रायश्चित्ताने परत घ्यावे, प्रत्येकाची परिस्थिती वेगळी बघावी, असे ठरले. प्रत्यक्ष बळी दिलेल्यांना मात्र मरणाच्या दारीच घ्यायचे. पुढे एकदोन वर्षांतच नव्या छळाची चिन्हे दिसू लागली, आणि त्याच बिशपांनी ही अट सोडून पश्चात्ताप करणाऱ्या सर्वांना ताबडतोब प्रभुभोजन द्यायचे ठरवले. त्यांचे कारण मोठे आहे. उद्या ज्यांना छळाला तोंड द्यायचे आहे त्यांना उपाशी कसे ठेवायचे? प्रभुभोजन हे भक्कम माणसाला मिळणारे बक्षीस नव्हे, दुबळ्याला उभे राहण्यासाठी लागणारे अन्न आहे, हे त्यांच्या ध्यानात आले.

या प्रकरणातली दुसरी गोष्ट मला त्याहून महत्त्वाची वाटते. छळात जे ठाम राहिले आणि तुरुंगात खितपत पडले, ते पडलेल्यांसाठी शिफारसपत्रे लिहून देत होते: याला शांतीने परत घ्या, आम्ही मध्यस्थी करतो. सिप्रियनला ही पत्रे डोकेदुखी वाटली. सरसकट वाटली जात होती, आणि शिस्त बिघडत होती. त्याची तक्रार व्यवस्थापक म्हणून बरोबर असेल. पण ज्यांनी सर्वांत जास्त सोसले त्यांचाच हात क्षमेसाठी सर्वांत आधी पुढे आला, हे विसरता येत नाही.

कार्थेज फार लांबचे वाटत असेल तर सुरतेहून डांगकडे बघावे. १९९८ च्या नाताळात डांग जिल्ह्यात चर्चवर हल्ले झाले, काही जाळली गेली. पंतप्रधान वाजपेयी तिथे जाऊन आले. त्या भीतीच्या काळात कोणी गळ्यातला क्रूस काढला, कोणी प्रार्थनेला जाणे थांबवले, कोणी चार लोकांसमोर सांगितले ते म्हटले. गुजरातेत २००३ चा धर्मस्वातंत्र्याचा कायदा आहे, धर्म बदलायला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, त्यामुळे विश्वासाला कागदाची बाजू आलीच. कागदाचा दुसरा प्रकार महाराष्ट्रातही घरोघर माहीत आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने ख्रिस्ती झालेल्या दलिताला अनुसूचित जातीच्या सवलती मिळत नाहीत, म्हणून कित्येक कुटुंबे दाखल्यावर हिंदू आणि रविवारी ख्रिस्ती असतात. आदिवासींना तो नियम लागू नाही, पण अनुसूचित जमातींच्या यादीतून नाव जाईल ही धास्ती त्यांनाही घातली जाते. पोराच्या शिष्यवृत्तीसाठी तसा दाखला काढणाऱ्या बापाला मंडळीतला पेन्शनर जेव्हा अविश्वासू म्हणतो, तेव्हा मला नोव्हेशियनची आठवण येते. ज्याच्यावर कधी कागदाची वेळ आली नाही त्याने कागद काढणाऱ्याचा न्याय करू नये.

कडकपणाच्या वाटेचे टोक कुठे जाते हेही आपल्या जवळच बघायला मिळते. सुरतेच्या दक्षिणेला दमण, तिथे १६७० च्या दशकात शार्ल देलाँ नावाचा फ्रेंच वैद्य राहत होता. श्रद्धाळू कॅथलिक, पण बाप्तिस्मा आणि मूर्ती यांविषयी काही मोकळे बोलून गेला. त्याला पकडून गोव्याच्या इन्क्विझिशनच्या कोठडीत टाकले. १५६० मध्ये सुरू झालेले ते न्यायासन मधली काही वर्षे सोडता १८१२ पर्यंत चालले, आणि त्याचा घोषित हेतू काय होता? भरकटलेल्यांना श्रद्धेत परत आणणे. पद्धत अशी की आरोप सांगायचा नाही. तुझा अपराध तूच आठव आणि कबूल कर, म्हणजे दया होईल. देलाँने आठवेल ते सांगितले, तरी ते पुरेसे ठरेना. कोठडीत त्याने जीव द्यायचा प्रयत्न केला. १६७६ मध्ये जाहीर सोहळ्यात त्याला शिक्षा सुनावली गेली, आणि सुटून गेल्यावर त्याने लिहिलेले पुस्तक १६८७ मध्ये निघून युरोपभर वाचले गेले. आपल्या मंडळ्यांचा आणि त्या कोठडीचा काही संबंध नाही, हे मला कळते. पण ‘काय ते तूच सांग, मग बघू’ असे मंडळीच्या एखाद्या पंचाने घरी बसून शांतपणे म्हटले तरी कल तोच असतो. कबुली आधी, प्रेम नंतर.

उलट उदाहरण मराठीतच आहे. पंडिता रमाबाईंनी २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर त्यांच्या मनात शंकांचे मोहोळ उठले. त्रैक्य, ख्रिस्ताचे देवत्व, पंथाचा जुना विश्वासांगीकार, बिशपांचा अधिकार, यांतले काहीच त्या डोळे मिटून घ्यायला तयार नव्हत्या. भारतातल्या पुरोहितवर्गाच्या जोखडातून महत्प्रयासाने बाहेर पडलेली बाई दुसरे जोखड मानेवर का घेईल, हा त्यांचा सवाल होता. त्यांच्या धर्ममाता सिस्टर जेराल्डीन यांना यात गर्व दिसला. त्यांची तळमळ खरी होती, पण शंका म्हणजे अवज्ञा असेच त्यांना वाटले, आणि पत्रांतून त्या रमाबाईंना दटावत राहिल्या. चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयाच्या प्राचार्य डोरोथिया बील यांनी निराळे केले. त्यांनी रमाबाईंच्या प्रश्नांना बरोबरीच्या नात्याने उत्तरे लिहिली, आणि या बाईने तत्त्वज्ञान म्हणून ख्रिस्ती धर्म पारखून घेतला पाहिजे असे इतरांनाही सांगितले. बीलबाई स्वतः थोड्याच वर्षांपूर्वी श्रद्धेच्या संकटातून गेल्या होत्या. हा योगायोग नव्हे. ज्याचे पाय स्वतः कधी डगमगले आहेत त्यालाच दुसऱ्याला कुठे धरायचे ते कळते.

रमाबाई तुटल्या नाहीत. १८९१ च्या सुमारास, हॅस्लम नावाच्या इंग्रज पाळकाचे आत्मकथन वाचताना, त्यांना जे हवे होते ते सापडले. इतकी वर्षे ख्रिस्ती असूनही ख्रिस्ताची ओळख राहून गेली होती, असे त्यांनी पुढे स्वतःच्या साक्षीत लिहिले. हॅस्लमची कथा अशी की तो स्वतःच्याच प्रवचनाच्या वेळी बदलला होता. म्हणजे व्यासपीठावर उभा असलेला माणूसही दुरावलेला असू शकतो. ज्या मुक्ती मिशनचे नाव आज केडगावबरोबर जगभर घेतले जाते, ते उभे करणाऱ्या बाईला एकेकाळी तिच्याच हितचिंतकांनी वाट चुकलेली ठरवले होते. दटावणीचा जोर आणखी वाढला असता तर काय झाले असते, याचा विचार प्रत्येक पाळकाने करावा.

गेलेल्याला परत घेणे म्हणजे विधी उरकणे नव्हे, हे मराठी माणसाला समजायला चर्चमध्ये जावे लागत नाही. धर्मांतर झालेले नेताजी पालकर १६७६ मध्ये परत आले आणि शिवाजी महाराजांनी त्यांना स्वधर्मात घेतले. तसेच परत घेतलेल्या बजाजी निंबाळकरांच्या बाबतीत महाराजांनी आणखी पुढे जाऊन त्यांच्या मुलाला आपली लेक सखुबाई दिली. शुद्ध झाला असे भटजींनी सांगणे वेगळे आणि त्याच्या घरी मुलगी देणे वेगळे. लोकांची तोंडे दुसऱ्या गोष्टीने बंद होतात. १८४३ मध्ये श्रीपत शेषाद्री या मुलाला मिशनऱ्यांकडून आणल्यावर ब्राह्मण जातीत परत घ्यावे म्हणून बाळशास्त्री जांभेकर उभे राहिले, आणि त्यांना स्वतःला जातभाईंचा रोष सोसावा लागला. कोण कोणत्या धर्मात जातो हा वाद इथे नाही. परत घेणाऱ्याला स्वतःची काही किंमत मोजावी लागते, एवढेच या उदाहरणांतून मला घ्यायचे आहे. ज्याला काहीच मोजावे लागले नाही त्याने क्षमा केली नाही, फक्त परवानगी दिली.

आता आक्षेप. डिट्रिश बोनहोफर या जर्मन पाळकाने १९३७ मध्ये स्वस्त कृपेविरुद्ध कठोर इशारा दिला होता: पश्चात्तापाशिवाय वाटलेली क्षमा चर्चला आतून पोखरते. हिटलरच्या राजवटीशी जुळवून घेणारे चर्च डोळ्यांसमोर असताना त्याने हे लिहिले, आणि १९४५ च्या एप्रिलमध्ये त्याला फाशी देण्यात आली. हा आक्षेप हलक्यात घेण्यासारखा नाही. माझ्या म्हणण्याचा अर्थ असा होतो का, की बायकोला मारणाऱ्याने, मंडळीचे पैसे खाणाऱ्याने, पोरीबाळींना त्रास देणाऱ्याने यावे आणि आम्ही धावत जाऊन गळ्यात पडावे?

इथे दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्याच पाहिजेत, आणि आपल्या मंडळ्या नेमक्या त्याच एकत्र करतात. देवाची क्षमा आणि प्रभुभोजनातली जागा ही एक गोष्ट. पद, किल्ल्या, तिजोरी, संडेस्कूलचा वर्ग ही दुसरी. पहिली ताबडतोब मिळायला हवी, दुसरी कदाचित कधीच मिळू नये. ज्याने पैसे खाल्ले त्याला भाकर द्यावी, हिशेबाची वही देऊ नये. त्याने पैसे परत करावेत, आणि गुन्हा असेल तिथे पोलिसांत जाण्यापासून कोणाला अडवू नये. आणि ज्या बाईने मार खाल्ला तिच्यावर क्षमेची सक्ती करण्याचा अधिकार पाळकाला नाही, पंचांना नाही, प्रार्थनागटाला तर अजिबात नाही. तिला ‘सात गुणिले सत्तर वेळा’ ऐकवून नवऱ्याच्या घरी पाठवणारी मंडळी क्षमेचे नाव घेऊन क्रौर्य करते. तिची क्षमा तिच्या वेळेने येईल किंवा येणार नाही; तोवर तिचे संरक्षण हेच मंडळीचे काम. व्यवहारात होते ते उलटेच: पद असलेल्या, पैसा असलेल्या माणसाला सगळे मुकाट्याने माफ होते, त्याची किल्लीही राहते, आणि दारू पिणाऱ्या लूम कामगाराला भाकरही मिळत नाही.

बोनहोफरबद्दल आणखी एक सांगायचे राहिले. स्वस्त कृपेविरुद्ध लिहिणाऱ्या याच माणसाने फिंकेनवाल्डे येथील आपल्या पाळक-शाळेत विद्यार्थ्यांना एकमेकांपाशी खाजगीत पापकबुली करायची सवय लावली. प्रॉटेस्टंट परंपरेत हे धक्कादायक होते. त्याचा अनुभव असा की पाप लपवणारा माणूस एकटा पडतो, आणि एकटेपणात पाप जास्तच घट्ट होते. एका भावासमोर बोलले की त्याचा जोर जातो. मला वाटते आपल्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांचे मोठे दुखणे इथेच आहे. कॅथलिक माणसाला पापनिवेदनाची जागा असते, आणि तिथे ऐकलेले बाहेर सांगायला धर्मगुरूला सक्त बंदी असते. वसईच्या एखाद्या म्हाताऱ्याला आपले मन कुठे मोकळे करायचे ते ठाऊक असते. आम्ही ती जागा काढली, काढण्याची कारणेही होती, पण तिच्या ठिकाणी काही ठेवले नाही. आता आमच्या माणसाला दोनच वाटा: घरी दार लावून देवाशी बोलणे, नाहीतर पंचांपुढे उभे राहणे. पहिल्या वाटेत त्याला उत्तराचा माणसाचा आवाज ऐकू येत नाही. दुसऱ्या वाटेत गोष्ट संध्याकाळपर्यंत डिंडोलीहून नवापूरला पोचते.

म्हणून मदत करणाऱ्याची पहिली लायकी म्हणजे तोंड बंद ठेवता येणे. धर्मशास्त्राचे ज्ञान त्यानंतर. त्याने रविवारी जाऊ नये, पाळी बदलते त्या दिवशी जावे, म्हणजे माणूस झोपेतून उठलेला असतो. एकट्याने जावे, शिष्टमंडळ नेऊ नये. का येत नाहीस हे विचारू नये. त्याचे उत्तर दोघांनाही माहीत असते. जेवायची वेळ असेल तर त्याच्या रूमवर जेवावे, जोडीदार पिऊन पडलेले असले तरी. पेत्राने येशूला तीनदा नाकारले ते शेकोटीपाशी, आणि योहानाच्या शुभवर्तमानाच्या शेवटी येशू त्याला पुन्हा भेटतो तेही किनाऱ्यावर पेटवलेल्या कोळशांपाशी, मासे भाजून, ये जेव म्हणून. नाकारलेस का, हे तो विचारतच नाही. प्रेम आहे का एवढे तीनदा विचारतो, आणि लगेच मेंढरे सांभाळायचे काम देतो. परत येणाऱ्याला काम लागते. बाके मांडणे, नाताळचा मांडव घालणे, नव्याने सुरतेत आलेल्या पोराला रूम शोधून देणे. विश्वासाची भाषा त्याच्या तोंडी परत यायला वेळ लागतो, हाताला मात्र लागलीच ओळख पटते.

आणि हे काम पाळकावर सोडू नये. एकेका पाळकाकडे कितीतरी घरे असतात; शिवाय पाळक दारात आला की गल्लीला कळते. बाजूच्या बाकावर बसणाऱ्याचे हे काम आहे. दक्षिण गुजरातेत याची एक जुनी वाट आहे. १८९४ मध्ये अमेरिकेहून निघालेले ब्रदरन मिशनरी बलसाडला, म्हणजे आजच्या वलसाडला आले, आणि पुढे अंकलेश्वर, व्यारा, आहवा, डहाणूपर्यंत त्यांचे काम पसरले. १९७० च्या नोव्हेंबरात नागपूरला चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले तेव्हा त्यात सामील झालेल्या सहा मंडळ्यांपैकी ही एक. या पंथाची जुनी रीत अशी की प्रीतिभोजनाआधी सेवकांनी घरोघर जाऊन विचारायचे, कोणाशी काही बिनसले आहे का; मग सगळे एकत्र आल्यावर एकमेकांचे पाय धुवायचे, साधे जेवण जेवायचे आणि त्यानंतर भाकर आणि प्याला. आधी सलोखा, मग भोजन, असा तो क्रम. ती घरभेट वर्गणीच्या फेरीपासून पूर्ण वेगळी असायची, आणि ती आजही तशी करता येण्यासारखी आहे.

त्यासाठी मंडळीच्या पंचायतीला काही ठराव करावे लागतील. थकलेली वर्गणी मतदार यादीपुरती ठेवावी. प्रभुभोजन आणि दफनभूमी तिच्यापासून सोडवावी. उधना-पांडेसराच्या भागात महिन्यातून दोनदा तरी उपासना संध्याकाळी, पाळी बदलण्याच्या वेळेला धरून ठेवावी, म्हणजे रात्रपाळीवालाही येऊ शकेल. तिकडच्या गावच्या मंडळीने नाव कमी करण्याआधी सुरतेच्या मंडळीला चिठ्ठी लिहावी, आणि सुरतेच्या मंडळीने त्या चिठ्ठीवरच्या पत्त्यावर त्याच आठवड्यात कोणालातरी पाठवावे.